उलटा तक्ता

डोळे किलकिले करा बरं, बाळांनो! समोरच्या झाडाची पानं विरघळून नुसता हिरवा ढग झाला ना? चिंचवडच्या इंद्रायणी नावाच्या मुलीला झाड नेहमी तसंच दिसायचं. आणि सगळ्यांनाच ते तसं दिसतं, असं तिला वाटायचं!

एकोणीसशे छप्पन सालचा मे महिना. रेल्वेलायनीजवळच्या टेकाडावर इंद्रायणी, भैरू आणि कुसुम या तिघांचा खेळ रंगला होता. सिग्नलचा हात खाली पडला की आधी कोण ओरडतं! रोज इंद्रायणीच जिंकायची. आज मात्र वारा सुटला होता. सिग्नल पडला तरी ती गप्पच.

"इंद्रे, झोपलीस काय?" भैरू ओरडला.

"वाऱ्यात सिग्नल ओढणाऱ्या तारेची करकर ऐकूच येईना!"

"म्हणजे तू बघत नाहीस, ऐकतेस?" कुसुम चक्रावली. "कुठाय सिग्नल, दाखव!"

इंद्रायणीने बोट दाखवलं ते बाभळीकडे!

भैरूचं हसू विरलं. "मग शाळेत डोळे तपासले, तेव्हा अक्षरं कशी वाचलीस धडाधड?"

"वाचायची होती? रांगेत तुम्ही सगळे म्हणत होता, ऐकून पाठ झाली. पाढ्यांसारखी!"

कुसुमला एकदम उमगलं. फळ्यावरची गणितं हिला दिसतच नव्हती! म्हणून तर ती नापास झाली होती. आणि 'हिच्या डोक्यात काय शिरत न्हाई' म्हणत तिच्या वडिलांनी, मारुतरावांनी, जूनपासून तिची शाळा बंद करायचं ठरवलं होतं.

त्याच दिवशी दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर यायचे होते. मुलांनी मारुतरावांना शेतातून अक्षरशः ओढत नेलं. पण दारातच कंपाउंडर अर्जुनराव!

"हिचे डोळे शाळेत याच तक्त्यावर मीच तपासलेत. एकदम झकास! पळा!"

"एकदाच परत तपासा ना, काका!" कुसुमने त्यांना बोलण्यात गुंतवलं. तेवढ्यात भैरूने आत शिरून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता काढला आणि पुन्हा टांगला.

"हं, म्हण," अर्जुनराव बाटलीत औषध ओतत म्हणाले.

"ग, प, ट, म, न, र, ल, स..." इंद्रायणी खडाखडा म्हणाली.

"बघा! सगळं बरोबर!"

"काका, तक्ता तरी बघा!" भैरू ओरडला.

अर्जुनरावांनी मान वर केली. तक्ता उलटा होता! सगळी अक्षरं डोक्यावर उभी! त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

आतल्या दारात उभे असलेले डॉक्टर खो खो हसले. "शाब्बास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना चांगलाच धडा दिलात!" मग ते गंभीर झाले. "मारुतराव, पोर हुशार आहे, पण तिला लांबचं दिसत नाही. मुलं सांगत नाहीत, कारण जग असंच असतं असं त्यांना वाटतं. म्हणून दरवर्षी डोळे तपासायचे, आणि तेही एकेकाला आत बोलावून!"

 खाली मान घालून मारुतराव अंगणात निघून गेले.

डॉक्टरांनी इंद्रायणीच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "आता खिडकीबाहेर बघ."

इंद्रायणीचा श्वासच थांबला. कडुनिंबाला पानं होती! एकेक वेगळं! पानांना करवतीसारख्या कडा होत्या! फांदीवर खार होती, आणि खारीच्या पाठीवर पट्टे!

"सगळ्यांना... रोज... एवढं दिसतं?" ती पुटपुटली.

मग तिची नजर झाडाखाली गेली. तिथे तिचे वडील उभे होते. इतक्या लांबून त्यांचा चेहरा ती प्रथमच बघत होती. ते टोपीने डोळे पुसत होते.

"अगं, चौकट! चौकट राहू दे इथं!" डॉक्टर ओरडले.

पण इंद्रायणी केव्हाच अंगणात धावली होती.