एकविसावं झाड

चूक आण्णांची होती. अंधार पडला की चहाच्या टपरीवर ते आम्हा पोरांना ही गोष्ट सांगतात आणि सुरुवात करतात, "माझ्या वळखीचा एक हुता..." तो ओळखीचा म्हणजे ते स्वतःच. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. मी कॉलेज सोडलेला माणूस, मला कसली भीड?

२०२४ चा एप्रिल. आण्णा रिटायर्ड वनरक्षक. गगनबावड्याच्या रानातल्या वीस झाडांची रोजची मापं घ्यायचं काम त्यांना मिळालं होतं. बुंध्याला स्प्रिंग लावलेला पोलादी पट्टा बांधायचा. झाड रात्रभर पाणी ओढतं, पहाटे केसभर फुगतं, दिवसा आवळतं. तहानलेलं झाड पहाटेही फुगत नाही. म्हणून माप पहाटे साडेतीनला. मुलगा पृथ्वीराज आकडा सांगायचा, आण्णा वहीत लिहायचे.

अंगणात पट्टे कापताना एक उरला. आण्णांनी तो पृथ्वीराजच्या छातीभोवती आवळला.

"हे बघा, एकविसावं झाड!"

आणि वहीत लिहिलंही. एकवीस : अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.

आण्णांची बायको, अंजनाकाकू, दारातून ओरडल्या, "अवो, जित्या माणसाचं माप घेत्यात व्हय? तिरडीला घेत्यात ते!"

"तुला काय कळतंय? गप बस."

घरात आपल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही, हे आण्णांचं जुनं मत.

तेवीस एप्रिल, मंगळवार. चांदणं लख्ख होतं. विसावं झाड संपलं तेव्हा तीन पन्नास झाले होते. पृथ्वीराज समोर उभा राहून बाटली तोंडाला लावून पाणी पीत होता.

मागून त्याचाच आवाज आला.

"एकवीस. सत्त्याऐंशी."

आण्णांनी सवयीनं लिहिलं. मग हात थांबला.

"पृथ्या, चेष्टा करतोस व्हय?"

पृथ्वीराजनं बाटली खाली घेतली. "कसली? मी कुठं बोललो?"

दुसऱ्या पहाटे शहाऐंशी. तिसऱ्या पहाटे पंच्याऐंशी.

पृथ्वीराजचे शर्ट ढिले पडले. कळशी कळशी पाणी प्यायचा, तहान भागत नव्हती. कोल्हापुरात सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगले.

आण्णांनी रानात जाणं बंद केलं. साडेतीनला आवाज घरात आला. त्यांनी पान फाडलं. आकडे पुढच्या पानावर होते. मग माफी मागितली. झाडांची, देवाची, पोराची. बायकोची सोडून सगळ्यांची.

"आण्णा... लिवू नगासा की," पृथ्वीराज विनवायचा.

"न्हाई रं लिवत..."

पण साडेतीनला पेन हातात असायचंच. कोण द्यायचं, माहीत नाही.

"एकवीस..."

आण्णा रडायचे. लिहायचे.

सतरा मे. साडेतीन.

आवाज आला नाही.

तीन पस्तीस. काहीच नाही... आण्णांना बरं वाटलं. खरंच, बरं वाटलं त्यांना.

"पृथ्या?"

...

"पृथ्या..."

दिवा काकूंनी लावला.

ती वही आण्णांच्या पेटीत कुलपात असते. परवा मी हट्टानं बघितली. सतरा मेनंतरही एकवीसच्या रांगेत रोजची नोंद आहे. अक्षर पृथ्वीराजचं. त्या जूनच्या पहिल्या पावसापासून आकडा वाढत चाललाय.

आण्णांना एकच मुलगा होता. तो गेला.