आमचे हे

शोकसभेचा हॉल वेळेआधीच भरला, आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची कमी पडली. खुर्च्यांच्या पाठींवर कागद चिकटवले होते: अध्यक्ष, प्रकाशक, कन्या. काकांसाठी कागद नव्हता. कन्येनं ते प्रकाशकांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "काय लिहू त्यांच्यासाठी?" प्रश्न रास्त होता. तीही शब्द शोधू लागली. तोवर काका आपणहूनच मागे खांबाआड जाऊन बसले होते.

कन्या म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. गेलेला लेखक तिचा बाप होता, आणि बापाला कधी न सांगितलेली गोष्ट म्हणजे, तिचा सर्वांत आवडता लेखकही होता. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांबद्दल त्यांनी आयुष्यभर लिहिलं. पण त्यांच्या कादंबऱ्यांत कुणी कड्यावरून उडी घेत नसे. ओला टॉवेल पलंगावर का टाकलास, एवढ्यावरून दोन म्हातारे आठवडाभर अबोला धरत. ती लहान असताना आईबाबा वेगळे झाले, पुढे बाबांच्या घरी काका राहायला आले, आणि त्या टॉवेलचा उगम तिला घरातच सापडला. काका आले ते कायमचे. आता बाबा गेले होते आणि काका खांबाआड होते. आज निदान एकदा कुणीतरी त्यांना नीट काहीतरी म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

अध्यक्ष खाकरून उभे राहिले. शोकसभेत त्यांना विशेष कंठ फुटत असे. थोर लेखकाच्या संयमी आयुष्याबद्दल ते बराच वेळ बोलले आणि म्हणाले, "साहित्यासाठी ते जन्मभर एकटे राहिले."

आणि त्यांना उचकी लागली.

माइकमुळे ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. पाणी आलं, पाणी संपलं, उचकी तिथंच. मागची एक बाई शेजारणीला कुजबुजली की कुणीतरी आठवण काढत असणार. ज्यानं काढायची तो तर फोटोत बसलाय, असं शेजारणीचं मत पडलं. अध्यक्षांच्याही ते कानावर गेलं असावं, कारण त्यांनी पुटपुटत बायकोचं, जावयाचं, दातांच्या डॉक्टरांचं अशी नावं घेऊन पाहिली. शेवटी वैतागून त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि गेलेल्याचं नाव घेतलं. उचकी थांबली. ते सुटकेनं हसले, "तर, असे हे एकटे," म्हणाले, आणि उचकी पुन्हा सुरू झाली.

प्रकाशक शहाणे. एकटे म्हणणं त्यांनी टाळलं. त्यांनी "लेखकांचे सहनिवासी" असा शब्द काढला आणि उचकीसकट खाली बसले. वाचक मंडळाच्या बाई "देखभाल करणारे एक गृहस्थ" इथपर्यंत जेमतेम पोचल्या.

कन्येनं मनाशी श्वासपटलाची आकृती काढली. स्नायू आकुंचन पावतो, स्वरयंत्र मिटतं, आवाज होतो. यात आठवणीचा संबंध नाही, हे ती दर वर्षी नववीला शिकवत आली होती. जांभई एकाची दुसऱ्याला लागते. एकाची उचकी दुसऱ्याला लागते असं मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

पण तिला खटकलं ते वेगळंच. तिघांचीही उचकी जोडीनं येत होती. आधी एक मोठी, मग लगेच, माफी मागितल्यासारखी, एक लहान. अशी उचकी तिनं आयुष्यात एकाच माणसाची ऐकली होती. लिहिण्याच्या खोलीच्या बंद दाराआडूनही ती ओळखू येई.

तिचं नाव पुकारलं गेलं.

"बाबांचे मित्र," तिनं सुरुवात केली, आणि तिच्याच छातीत काहीतरी उसळलं. एक मोठी. एक लहान.

हॉलमध्ये लोकांनी तोंडावर रुमाल धरले. रडणारे कोण आणि हसणारे कोण, कळायला मार्ग नव्हता. ती माइकला धरून उभी राहिली, आणि तिला बाबांचा फोनवरचा आवाज आठवला.

"बाबा वाण्याला फोन करायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, आमचे हे दुकानात आले तर साखर देऊ नका हो, डॉक्टरांनी बंद केलीय. ते पलीकडे खांबाआड बसलेत ना, ते आमचे हे."

हॉल हसला. उचकी कुणालाच येत नव्हती.

अध्यक्षांनी आपल्या खुर्चीवरचा कागद सोलून काढला आणि खुर्ची मोकळी केली.

संध्याकाळी घरी काकांनी चहा केला, पण कप जरा आदळूनच ठेवले. तिला वाटलं, चारचौघांत बोलल्याचा राग आला.

"त्या अध्यक्षाला दोनदा उचकी," काका बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले. "त्यानं याचं एक पुस्तक उघडलं नसेल कधी. अख्ख्या हॉलची आठवण काढली यानं. माझी नाही."

"चुकीचं बोलले त्यांनाच लागली. तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत, काका."

"मी काही बोललोच नाही गं. कधीच."

त्यांनी कप तोंडाशी नेला आणि तो तिथंच राहिला.

एक मोठी. एक लहान.

चहा शर्टावर सांडला. काकांचा चेहरा लाजल्यासारखा झाला.

तिनं पाणी पुढे केलं. "नाव घ्या, थांबेल."

"ह्यांचं नाव कशाला घेऊ?" पेला दूर सारत काका म्हणाले. "थांबेल ना."

मग ते डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते काय करताहेत हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ते आठवण काढत होते. मन लावून, उलटटपाली.

बाबांच्या लिहिण्याच्या खोलीला कुलूप होतं. तिनंच लावलेलं. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

काकांची उचकी थांबली.

दाराआडून एक मोठी आली. मग लगेच एक लहान.

तिचा हात पेल्याकडे गेला.

"राहू दे," डोळे न उघडता काका म्हणाले. "ह्यांना पाणी नेऊन देऊ नकोस."