नळीची गोल खूण

"आधी कान, मग हात गं बयो," आई म्हणायची. वॉर्डातली सिस्टर ती. खिशात बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी असायची. अंगावरून रक्त जाणाऱ्या बायकांच्याही पोटावर ती नळी टेकवायची आणि डोळे मिटायची. शाळा सुटली की लेक दारात उभी राहून बघायची. आईच्या हातांना कार्बोलिक साबणाचा वास यायचा. लेकीला तोच वास घरासारखा वाटायचा.

मग डॉक्टर गर्भपिशवी खरवडत असताना एक बाई टेबलावरच दगावली. आत रक्तवाहिन्यांची गुंतवळ निघाली. 'सिस्टरनं धोका कळवला नाही,' असं डॉक्टरांनी लिहिलं आणि आईची नोकरी गेली. मरेपर्यंत ती एकच म्हणत राहिली, "सांगितलं होतं गं मी." खरं काय, ते लेकीला कधी कळलंच नाही.

आता लेक त्याच इस्पितळात सोनोग्राफी करते. आईची नळी तिच्या कपाटात, कुलपात असते.

त्या दिवशी एक शिवणकाम करणारी बाई आली. गर्भपाताला दीड महिना झाला, तरी रक्त थांबेना. डॉक्टर तेच, फक्त केस पिकलेले.

"खरवडून टाकू, पाच मिनिटांचं काम," ते नजर न देता म्हणाले. "तुझं यंत्र उगाच भुतं दाखवतं."

"आधी बघते तरी, सर."

पडद्यावर लाल-निळ्या-पिवळ्या रंगांचा कल्लोळ उसळला. स्पीकरमधून पाटाच्या पाण्यासारखा खळाळ येऊ लागला. धमनी थेट शिरेत रक्त ओतत होती. इथे खरवडणं म्हणजे बांधच फोडणं.

"खरवडायचं नाही ना?" बाई पुटपुटली. "मघाशी त्या सिस्टरही तेच म्हणाल्या."

"कुठल्या सिस्टर?"

"लाकडी नळीवाल्या. पोटावर टेकवून नळीला कान लावून बसल्या होत्या. हातांना साबणाचा वास होता बघा."

लेकीने जेल पुसलं. बेंबीखाली गोल खूण होती, ताजी.

तिने अहवालावर ठळक लिहिलं: खरवडू नये.

डॉक्टरांनी तो वाचला. खाली सही केली.

दुपारी मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवून गुंतवळ बुजवली. स्पीकरमधला खळाळ थांबला. संध्याकाळपर्यंत रक्तही थांबलं.

लेक कपाटाशी गेली. कुलूप जसंच्या तसं होतं; तिने ते उघडलं. नळीचं एक तोंड मात्र उबदार लागलं, नुकताच कान काढल्यासारखं.

मागे डॉक्टर उभे होते.

"तिनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "तेव्हा."

त्यांनी नळीकडे पाहिलं.

"आणि आज सकाळी, पुन्हा."