छत्री विरुद्ध शिडी

आमची पहिली भेट झाली ती नाकाला नाक लावून. म्हणजे आमचं नाही हो… आमच्या टेम्पोंचं.

निवडणुकीचे दिवस होते. एरवी मी एका दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करायचे. आवाज खणखणीत, म्हणून छत्री निशाणीच्या पक्षाने मला प्रचाराला बोलावलं. बाबा छत्रीचे जुने कार्यकर्ते, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती. दवाखान्यातून सुट्टी काढली आणि टेम्पोत जाऊन बसले. टपावर भोंगे, हातात माइक, पुढे ड्रायव्हरकाका. दिवसभर गल्लीबोळ पालथे घालायचे आणि कागदावर लिहून दिलेलं ओरडायचं.

लॉन्ड्रीच्या अरुंद गल्लीत आम्ही एका टोकाने शिरलो, तर दुसऱ्या टोकाने शिडीवाल्यांचा टेम्पो आत आला.

या धंद्याचा एक न लिहिलेला नियम आहे. गल्लीत आधी शिरेल त्याचा भोंगा चालू, दुसऱ्याने भोंगा बंद करून गाडी मागे घ्यायची. पण आधी कोण शिरलं हे ठरवायचं कुणी? ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं आणि सीटवर मान टाकली. समोरच्या ड्रायव्हरनेही तेच केलं. राहिलो मी आणि त्यांचा माइकवाला, भोंग्यांवर.

"छत्रीलाच मत द्या!" मी.

"शिडीलाच मत द्या!" तो.

सावळा, उंच, कपाळावर घाम, आणि आवाज असा की कान आपोआप तिकडे वळावा. पण त्या आवाजाला एक खोड होती. बाकीचे दिवस तो एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. ओरडता ओरडता जीभ जुन्या वाटेला लागली—

"शिडीच्या उमेदवाराला प्रचंड मतांनी विजयी करा… गाडी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं!"

गल्लीतल्या खिडक्या हसल्या. मीही हसले, आणि माइक चालूच होता. माझं हसू भोंग्यातून पार मुख्य रस्त्यापर्यंत गेलं. तो लाजला. मग त्याने आपल्या ड्रायव्हरला उठवलं आणि गाडी मागे घ्यायला लावली. जाताना खिडकीतून म्हणाला, "हसण्याला मत देता येत असतं ना… तर आज मी पक्ष बदलला असता."

"आमच्या पक्षात उगाच कुणालाही घेत नाहीत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या टाकीखाली सावलीला आमचा टेम्पो थांबला, तर शिडीवाले आधीच तिथे. त्याचा घसा बसला होता. मी पदराच्या गाठीतली लवंग काढून दिली.

"विष तर नाही ना?"

"छत्रीवाले समोरून हरवतात."

तेव्हापासून रोज दुपारी टाकीखाली दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. ड्रायव्हरकाका आणि शिडीवाल्यांचा ड्रायव्हर पत्ते खेळायचे, आम्ही बोलायचो. दवाखान्यात सगळे माझा आवाज ऐकतात आणि तोंडाकडे कुणी बघत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "लोकांना डोळे नाहीत." मग एकदम दुसरीकडे बघायला लागला.

तो म्हणायचा, "मी रोज कितीतरी गावांची नावं घेतो. गाडी अमक्या गावाला, गाडी तमक्या गावाला. एकाही गावी उतरलो नाही कधी."

आणि एक दिवस सहज सांगावं तसं सांगितलं, "मोठ्या शहराच्या स्टँडवर बदली मिळतेय. हो की नाही, प्रचार संपला की कळवायचंय. तुम्हाला… काय वाटतं?"

मला म्हणायचं होतं, नका जाऊ. आणि तोंडातून निघालं, "चांगलंच आहे की!"

दवाखान्यातली सवय. आत काही का होईना, बाहेर आवाज एकसारखा. त्याने मान हलवली, पाण्याची बाटली उचलली आणि गाडीत जाऊन बसला. मी स्वतःची जीभ चावली, पण चावून काय उपयोग? निघालेला शब्द निघाला होता.

त्यावर कडी केली पेपरवाल्यांनी. सकाळी बाबांनी पेपर उघडला आणि चहाचा कप तसाच हवेत. पहिल्या पानावर टाकीखालच्या दोन टेम्पोंचा फोटो. वर मथळा, 'छत्री आणि शिडी एकत्र येणार?' खाली, 'विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार बोलणी अंतिम टप्प्यात…'

"शिडीवाल्यांशी युती!" बाबा कडाडले. "आणि कोण हे विश्वसनीय सूत्र?"

मला माहीत होतं. विश्वसनीय सूत्र पत्त्यात हरत होतं आणि वार्ताहराने बिडी दिल्यावर बोललं होतं. मी बाबांच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला.

दोन्ही पक्षांची धावपळ उडाली. आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी फर्मान काढलं, आपली गाडी कालव्याच्या अलीकडे, त्यांची पलीकडे, पुन्हा एकत्र दिसलात तर खबरदार. झालं. टाकी बंद, सावली बंद. प्रचाराचे दोनच दिवस उरलेले, आणि माझं 'चांगलंच आहे की' त्याच्याकडे तसंच पडून.

कालवा काही फार रुंद नाही. मधे एक पायी जायचा पूल. पलीकडच्या रस्त्याने त्याचा टेम्पो जायचा आणि आवाज पाण्यावरून सरळ माझ्याकडे यायचा. ऐकता ऐकता मला सुचलं. कागद बाजूला ठेवला आणि माइक तोंडाशी धरला.

"शिडीवाल्यांना आमचा जाहीर प्रश्न! इथली माणसं सोडून परगावी जाणाऱ्यांना इथे काय कमी पडलं?"

पलीकडचा टेम्पो कचकन थांबला. मग—

"छत्रीवाल्यांना आमचं उत्तर! आम्ही विचारलं होतं. 'चांगलंच आहे' असं सांगण्यात आलं!"

"तोंडावरचं सगळं खरं मानायचं नसतं!"

"मग खरं काय ते मतदारांनी कसं ओळखायचं?"

"एवढे दिवस शेजारी बसून ओळखता येत नसेल, तर काय म्हणावं अशा कारभाराला?"

लोक गच्चीवर आले. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अग्रलेख होता की यंदा प्रथमच प्रचाराची पातळी उंचावली असून दोन्ही पक्ष स्थलांतराच्या मूलभूत प्रश्नावर बोलत आहेत. साहेबांनी मला बोलावून पाठ थोपटली आणि म्हणाले, "असंच धरून ठेवा त्यांना!"

"प्रयत्न करते," मी म्हणाले.

फसले नाहीत ते फक्त बाबा. गॅलरीत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बाहेर निघाले तेव्हा पेपराआडून म्हणाले, "पोरी, हा मुद्दा आपल्या जाहीरनाम्यात नाही."

मी उंबऱ्यातच थिजले. "बाबा, ते…"

"मुलगा शिडीचा आहे का?"

"रोजंदारीवर आहे. एस.टी.त असतो एरवी."

"हं." पेपर हलला नाही. "आवाज चांगला आहे. बोलणारा शिडीचा असला तरी आवाज चांगला आहे. जा आता, शेवटचा दिवस आहे. घसा सांभाळ."

पण घसा कुठला सांभाळायला! संध्याकाळी प्रचार थांबायचा होता. दिवसभर ओरडून माझा आवाज चिरकला होता. टेम्पो पुलाशी आला तेव्हा समोर तोही पुलाशी. ऊन उतरायला लागलं होतं, दोन्ही काठांवर माणसं जमली होती. आता सगळा खेळ लोकांना पाठ झाला होता.

"छत्रीवाल्यांना शेवटचा प्रश्न!" त्याच्या आवाजात आज थट्टा नव्हती. "उद्या आम्हाला उत्तर कळवायचं आहे. आम्ही जावं की राहावं? आडून नको, एकदा सरळ सांगावं!"

मी माइक उचलला. तोंड उघडलं—

—आणि पोलीस हवालदाराने शिट्टी वाजवली. "वेळ संपली! भोंगे बंद!"

ड्रायव्हरकाकांनी वायर उपटली. माझ्या हातात मुका माइक राहिला. समोरही तेच. काठावरून कुणीतरी "अरेरे!" म्हणालं.

त्याने काही वेळ वाट पाहिली. मग हळूच माइक खाली ठेवला आणि वायरी गुंडाळायला लागला.

त्याला वाटत होतं मी उत्तर दिलंच नाही. उद्या सकाळी तो कळवणार, हो म्हणून. आणि मग त्या शहराच्या स्टँडवर सगळ्यांना ऐकू जाणारा तो आवाज मला कधीच ऐकू येणार नाही…

मी टेम्पोतून उडी मारली. चप्पल एक इकडे, एक तिकडे. पुलावर चढले. पळत सुटले म्हणायला हरकत नाही. त्याने मान वर केली, वायरी टाकल्या आणि तोही निघाला. मध्यावर आम्ही समोरासमोर. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही! नुसती हवा.

"काय?" तो जवळ वाकला. "ऐकू नाही आलं."

मी घसा खाकरला. सगळा जोर लावला. फाटक्या, बसक्या, भिकार आवाजात म्हणाले—

"जाऊ नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे आधी हसले, ओठ मागून.

"'तू' म्हणालीस."

"मग काय… पक्षाचं लेटरहेड आणू?"

"पुन्हा म्हण ना."

"घसा गेलाय. एकदाच मिळेल."

"थांबायचं मी कालच ठरवलं होतं," तो हळू म्हणाला. "फक्त कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. रोज दुसऱ्यांना सांगतो कुठे जायचं ते… मला कुणी कधी थांब म्हणालंच नाही."

वारा पाण्यावरून आला. माझ्या तोंडावर आलेली बट मागे सारायला त्याने हात उचलला, काठावरच्या गर्दीकडे पाहिलं आणि हात तसाच खिशात घातला. मला हसू आलं.

"आणि ती गावं?" मी विचारलं. "उतरायचं राहिलंय ना तुझं?"

"उतरू की. सुट्टी काढून, एकेक करून." मग जरा चाचरत, "तुला… खिडकीची जागा लागते का?"

"लागते. भांडूनही घेते."

"ते गल्लीत पाहिलंय."

मागून हॉर्न वाजला. ड्रायव्हरकाका खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. "ओ बाई! टेम्पो परत द्यायचाय, मालक वाट बघतोय! तुमची बोलणी झाली असली तर चला!"

काठावरचे सगळे हसले. माझे कान तापले. जावं तर पाय निघेनात.

"जा," तो म्हणाला. "चपला घाल आधी."

"आणि तू?"

त्याने पुलाच्या कठड्याला पाठ टेकली, हाताची घडी घातली, आणि भोंग्याशिवाय, अगदी साध्या आवाजात म्हणाला—

"मी इथेच आहे."