वाळवीने खाल्लेली चिठ्ठी

तो दुकानात आला तेव्हा ती टेबलाखाली पालथी पडून भाचीच्या तोंडातून तारेचा तुकडा ओढून काढत होती. भाची सव्वा वर्षाची. चार दात नुकतेच आलेले, आणि त्या चार दातांनी जगातल्या काय काय गोष्टी चावता येतात याचा शोध चाललेला. कागद तर खास आवडीचा. म्हणून तिने, म्हणजे मावशीनेच, पोरीचं नाव वाळवी ठेवलं होतं. पोरीच्या आईला, ताईला, ते मुळीच पसंत नव्हतं, पण पोरगी त्या नावाला वळून बघायची, त्यामुळे इलाज नव्हता.

"कोणी आहे का?" वरून आवाज आला.

"आहे. जरा थांबा, अर्धी बाहेर आली आहे."

मग काळजीने विचारलेलं, "कोण?"

वीतभर तार मुठीत धरून ती बाहेर आली – केस विस्कटलेले, नाकाला धूळ – आणि समोर कोण उभं आहे ते बघून तिला पुन्हा टेबलाखाली जावंसं वाटलं.

क्लबाच्या टेनिस कोर्टालगत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली असलेलं ते रॅकेटच्या गटिंगचं, म्हणजे तारांची जाळी ताणून बसवून देण्याचं, दुकान बाबांचं. बाबांच्या कंबरेने दगा दिल्यापासून मशीन तिच्याकडे आलं होतं. भिंतीवरच्या फोटोत बाबांच्या खांद्यावर हात टाकून कानापर्यंत हसणारा जो खेळाडू होता, तो हाच. फोटो काढला तेव्हा जगाच्या यादीत त्याच्या पुढे फक्त ब्याऐंशी माणसं होती. मग उजवा खांदा गेला, ऑपरेशन झालं, आणि तो कोर्टवर परतेपर्यंत पुढच्या माणसांची संख्या चारशे सोळावर पोचली. गेल्या अठरा स्पर्धांत तो पहिल्या फेरीतच घरी आला होता. क्लबातले लोक म्हणायचे, आताशा हा बॅग उघडतच नाही, तशीच परत आणतो.

बाबा नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण त्याने तसं दाखवलं नाही. मुठी कडेबाहेर राहतील अशा दोन रॅकेटी टेबलावर ठेवल्या. डाव्या हाताने. जाळी किती पौंडांवर ताणायची तो आकडा आणि आपला फोन नंबर, दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून त्याने ती एका रॅकेटच्या मुठीला दोऱ्याने बांधली, पहाटे निघायचंय, संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाला, आणि बाहेरच्या भुरभुर पावसात बॅग डोक्यावर धरून पळत सुटला. मैदानाच्या कडेला त्याचा पाय घसरला, त्याने स्वतःला सावरलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

तिने पाहिलं होतं. ती अजूनही पाहतच होती. हेच चुकलं.

कारण ती वळली तेव्हा मुठीला नुसता दोरा उरला होता, आणि वाळवी समाधानाने तोंड हलवत होती. बोट घालून जे हाती लागलं त्यावर 'पौंड' एवढंच शिल्लक होतं. आकडा पोटात गेला होता. फोन नंबरही.

बाबांना विचारता आलं असतं. पण दुकानात मूल नको, असं बाबा आधीच चार वेळा म्हणाले होते. त्यांना पाचवी संधी द्यायची तिची तयारी नव्हती. तिने बराच वेळ त्या रॅकेटींकडे पाहिलं. घट्ट ताणलेली जाळी बॉल ताब्यात ठेवते, पण खांद्याकडून जोर मागते. सैल जाळी बॉल आपणहून फेकते. तिला तो डावा हात आठवला. तिने मशीन बावन्नवर लावलं आणि जे व्हायचं ते होवो म्हणून डोळे मिटून खटका ओढला.

आठवड्याने तो आला तो नाचतच. एक नाही, चार मॅच जिंकला होता.

"तुम्ही काय केलंत?" त्याने विचारलं.

"का? काही चुकलं का?"

"तेच तर. अठ्ठावन्न पौंड मी सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून लावतो. तेच अठ्ठावन्न, पण बॉल असा... असा सुटतो! तुमच्या हातात काहीतरी आहे."

आत्ताच सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तो फोटोतल्यासारखा हसत होता, कानापर्यंत, आणि तीन वर्षांत ते हसू फक्त भिंतीवर राहिलं होतं. तिने तोंड मिटलं. नव्या रॅकेटींना नवी चिठ्ठी होती. अठ्ठावन्न. तिने चिठ्ठी नीट जपून ठेवली, आणि मशीन पुन्हा बावन्नवर लावलं.

पुढचे चार महिने हेच चाललं. तो जिंकत गेला, अधूनमधून सपाटून हरलाही, पण यादीत भराभर वर सरकत राहिला. गावोगावच्या लहान स्पर्धांना जाताना तो दहा-दहा रॅकेटी तिच्याकडून करून न्यायचा. मग तार न तुटताही येऊ लागला.

"ही जरा सैल वाटते."

"कालच केली आहे."

"मग घट्ट वाटत असेल."

"सैल की घट्ट, ते एकदा ठरवून या."

"ठरवून आलो तर लवकर जावं लागेल," तो म्हणायचा आणि वाळवीला मांडीवर घेऊन बसायचा. वाळवी त्याच्या मनगटावरचा पट्टा चावायची. ताई दाराशी आली की गिऱ्हाइकांना आकड्यानेच ओळखायच्या दुकानाच्या रीतीप्रमाणे ओरडायची, "अगं, तुझे अठ्ठावन्न आले का?" – आणि ते आत बसलेले दिसले की पदर तोंडाला लावून पळायची.

एका वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. यशाचं श्रेय त्याने गटिंग करणाऱ्या एका हाताला दिलं होतं. बाबांनी कात्रण फोटोखाली चिकटवलं. त्या कात्रणाखाली बसून खोटं बावन्न ओढताना ती रोज वर बघायचं टाळायची. वाळवीने ते खाऊन टाकावं म्हणून तिने तिला मुद्दाम कडेवर घेऊन भिंतीशी नेलंही. पण नको ते सगळं गिळणारी पोरगी त्याकडे ढुंकूनही बघेना.

मग तो एका दुपारी आला आणि वाळवीला मांडीवर न घेताच स्टुलावर बसला. त्याच्या पुढे आता एकशे तीस माणसं होती. मोठ्या स्पर्धेत, तीन वर्षांनी, त्याला जागा मिळाली होती.

"छान झालं," ती म्हणाली.

"कुठलं छान. तिथे प्रत्येक मॅचला नवं गटिंग लागतं, आणि ते तिथलेच लोक करतात. बाहेरच्यांना मशीनजवळ उभं करत नाहीत. मी त्यांना अठ्ठावन्न लिहून देईन. पण तुमचा हात कुठून आणू?"

तिने हिशेब केला, आणि केल्याची तिला लाज वाटली. गप्प बसलं तर तो तिथे अठ्ठावन्नवर खेळेल, पहिल्या फेरीत हरेल, आणि तिच्या हाताचा महिमा आणखी वाढेल. सांगितलं तर तो जिंकेल कदाचित – पण मग हाच आकडा जगातल्या कुठल्याही मशीनवर लावता येईल. त्याला इथे यायचं कारणच उरणार नाही.

"हाताचं काही नाही," ती मशीनकडे बघत म्हणाली. "बावन्न आहे ते."

तिने सगळं सांगितलं. पाऊस, चिठ्ठी, चार दात. तो ऐकत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"म्हणजे मी पेपरात..."

"हो."

"आणि तुम्ही चार महिने..."

"हो."

त्याने वाकून मशीनवरचा आकडा बघितला.

"बावन्नच का? पन्नास का नाही? साठ का नाही?"

"तुम्ही रॅकेटी डाव्या हाताने ठेवल्यात," ती म्हणाली. "उजवा खांदा अजून दुखतो, आणि तुम्ही तो आकडा सोडायला तयार नाही, असं मला वाटलं."

तो उठला. एका कोऱ्या चिठ्ठीवर त्याने बावन्न लिहिलं, घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेला. निरोपही न घेता.

दोन आठवडे फोन नाही, काही नाही. ताईच्या मोबाईलवर दोघी त्याच्या मॅच बघत बसायच्या. पहिली जिंकला. दुसरीही. तिसरीत पाचव्या सेटपर्यंत झुंजला आणि हरला. ताई रडली. तिने फक्त त्याचा खांदा बघितला. शेवटच्या सर्व्हिसपर्यंत तो मोकळा होता. मग ती उठून आत गेली आणि उगाचच मशीन पुसत बसली.

तो परतला तेव्हा दुकानात ती आणि वाळवी दोघीच होत्या. वाळवी आता चालू लागली होती आणि दातही आठ झाले होते. त्याने एक रॅकेट टेबलावर ठेवली. उजव्या हाताने. मुठीला चिठ्ठी बांधलेली.

"तिथल्या माणसाने बावन्नवर करून दिलं," तो म्हणाला. "दोन मॅच जिंकलो. म्हणजे हाताचं काही नव्हतं, हे सिद्ध झालं."

"मी सांगितलंच होतं."

"तेव्हा मला इथे यायचं आता काही कारण नाही."

"नाही," ती म्हणाली.

"विमानात सगळा वेळ एखादं शोधत होतो. सापडलं नाही." तो फोटोकडे वळला, कात्रणाकडे, छताकडे, तिला सोडून सगळीकडे पाहू लागला. "शेवटी बिनकारणच आलो. म्हणजे... ती चिठ्ठी वाचा ना जरा. मला बोलायला नीट जमत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लाल कान, उन्हाने सोललेलं नाक, टेबलाच्या कडेवर वाजणारी बोटं. मग ती वळली.

मुठीला नुसता दोरा होता.

खाली वाळवी तोंड हलवत होती. दोघंही एकदम गुडघ्यांवर बसले. तिने सराईतपणे बोट घातलं. हाताला लागला तो लगदा, त्यावर शाईचा एक निळा डाग. बाकी सगळं आठ दातांनी नीट चावून गिळलं होतं.

"काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"ते..." त्याने वाळवीची हनुवटी पुसली. "विमानात बारा वेळा लिहिलं. अकरा चिठ्ठ्या फाडल्या."

"मग मी मागच्यासारखा अंदाजच करू?"

"मागच्या वेळी बरोबर आला होता," तो हळूच म्हणाला.

तिने तो लगदा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली. घट्ट नाही, सैलही नाही.

"हो," ती म्हणाली.

वाळवीने वर बघितलं, दोघांच्या मिटलेल्या हातांकडे निरखून पाहिलं, आणि हे खाता येईल का, म्हणून पुढे सरकली.