दाराबाहेरचा पहिला श्वास

ही हकिकत खरी आहे. ती वाचून आपणांस जे जे तर्क सुचतील, ते सर्व मी आधीच लढवून पाहिले आहेत.

स्थळ, लोहाऱ्याजवळचे एक शेतघर. वेळ रात्रीची नव्हे. गेल्या कार्तिकातली, लख्ख उन्हाची दुपार.

माझे चुलत बंधू राजपालदादा सैन्यात हवालदार होते. रासायनिक अस्त्रांपासून बचाव कसा करावा, हे ते जवानांना शिकवीत. पहिल्या महायुद्धात खंदकांतून तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी टांगलेली असत. विषारी वायू आला, की पहारेकरी ती बडवी. पुढे विषारी द्रवाचा थेंब पडताच रंग बदलणारे कागद आले. विष मारायला ब्लीचिंग पावडरचा लगदा आला. एक नियम मात्र दादांनी अखेरपर्यंत जपला. धोका सरल्यावर सर्वांनी एकदम तोंडावरचे रबरी झडपेचे मुखवटे उतरवायचे नाहीत. आधी एकानेच उतरवायचा.

तो पहिला श्वास दादा स्वतः घेत.

निवृत्तीनंतर त्यांनी अंगणात लोखंडी पट्टी टांगली. शेजारच्या पिकावर औषधफवारणी सुरू झाली, की ते ती वाजवीत. सुमनवहिनी दारे-खिडक्या लावून आत बसत. दादा बाहेर थांबत, हवा हुंगत, आणि मग म्हणत, "मोकळं!"

त्यानंतरच दार उघडे.

भाद्रपदातल्या एका दुपारी पट्टी वाजली... आणि "मोकळं" आलेच नाही.

वहिनी नियमाप्रमाणे आत बसून राहिल्या. दिवस मावळेपर्यंत.

दार उघडले, तर दादा उंबऱ्याबाहेर निपचित पडले होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले.

कार्तिकात मी वहिनींना धाराशिवला माझ्या घरी न्यायला गेलो.

"सामान बांधा, वहिनी. इथे एकटीने राहण्यात काय शहाणपण?"

"शहाणपण तुमच्यापाशी लई हाय, भावजी. आधी च्या घ्या."

मी दुसरा मुद्दा मांडणार, तोच...

ठण्ण.

वारा नव्हता. शिवारात फवारणी नव्हती.

वहिनी उठल्या. दार लावले. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली.

"माकड असेल," मी म्हणालो.

"माकड व्हय? मग उघडा की दार."

मी कडीला हात घातला.

पलीकडे... श्वास. जड. रबरी झडपेतून ओढल्यासारखा. आत... टक्... बाहेर.

आयुष्यभर मी कोणाशीही वाद घातला. त्या कडीशी मात्र घालू शकलो नाही.

दिवस मावळला, तेव्हा तो आवाज थांबला. मी दार उघडले.

अंगण रिकामे होते.

मी पट्टी काढून पिशवीत घातली. "चला."

"तुम्हाला बी ऐकू आलं न्हवं? मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"म्हणूनच चला."

"न्हाय, भावजी. त्यांनी अजून 'मोकळं' म्हटलं न्हाय. मी गेल्यावर त्यांनी बाहेर कुणासाठी थांबायचं?"

एसटीने मी एकटाच परतलो. पट्टी माझ्या कपाटात, कुलपात आहे.

परवा भर दुपारी वहिनींचा फोन आला.

"भावजी... वाजली."

"पट्टी तर माझ्याकडे आहे, वहिनी."

"ठावं हाय. फोन ठिवू नका. बोलू बी नका. नुसतं ऱ्हावा."

मी राहिलो. वहिनींचा श्वास ऐकू येत होता...

आणि त्याच्या मागे, दाराएवढ्या अंतरावर, दुसरा.

मी फोन ठेवला नाही. बॅटरी संपेपर्यंत आम्हां तिघांपैकी कोणीही बोलले नाही.