चोवीस व्होल्ट दिले कुणी?

“शीऽऽ! कीबोर्डवर वडापावची चटणी!” श्रुतिकाने बोटं झटकली.

सुट्टीत नितेशमामा मदतनीस होता तो सर्किट बोर्डांचा कारखाना बघायला ती, तिचा धाकटा भाऊ निहार आणि शेजारची संघमित्रा मोठ्या हौसेने अंधेरीला आली होती. आल्यापासून नुसती किळस! टेस्टिंगचं टेबल तेलकट, चहाच्या कपात मेलेली माशी. सगळा पसारा इंजिनीयर विशालचा, आणि साफ कोण करणार? मामा!

त्याहून घाण होतं ते विशालचं बोलणं. “आजही बोर्ड जळले, अण्णा,” तो मालकांना सांगत होता. “बाराच्या जागी नितेशने बटण फिरवून चोवीस व्होल्ट दिले.”

“नितेश, उद्यापासून येऊ नकोस,” अण्णा म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मामाचा चेहरा पडला. “मियां त्या बटणाक हात पण लावूक नाय गो!” तो पुटपुटला. विशाल मात्र खुशाल वडा खायला बसला. श्रुतिकाने तोंड फिरवलं.

टेबलावर दोन एकसारखे पॉवर सप्लाय होते. एक लहान बोर्डांना बारा व्होल्ट द्यायचा, दुसरा मोठ्यांना चोवीस. दोन्ही यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडलेले. किती व्होल्ट द्यायचे, ते विशालने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सांगायची.

संघमित्राने सप्लायचं बटण फिरवून पाहिलं. आकडा ढिम्म हलेना! “अगं, स्क्रिप्टने ताबा घेतला की बटणं लॉक होतात. मामा फिरवणार कसा?”

“म्हणजे हा चक्क थापा मारतोय! मग चोवीस दिले कुणी?” श्रुतिका म्हणाली.

संघमित्राने स्क्रिप्ट उघडली. शाळेच्या रोबोटिक्स क्लबात ती हेच तर करायची. “काय हा वेंधळेपणा! ‘पहिला सापडेल त्याला बारा, दुसऱ्याला चोवीस.’ कोण कुठला, ते विचारतच नाही! केबली उलट्या लागल्या की वाट लागली!”

“पण केबली काढतं कोण?” निहार म्हणाला.

श्रुतिकाने नाक मुरडत केबलींची टोकं पाहिली. दोन्हीकडे चटणी! “ईऽऽ! हाच! फोन चार्ज करायला उपसतो आणि मग कशाही खुपसतो!”

नुसतं सांगून अण्णांना पटलं नसतं. तिघांनी लहान बोर्ड काढून त्याच्या जागी बाइकचा बारा व्होल्टचा दिवा जोडला आणि अण्णांना बोलावून आणलं.

“विशालदादा, तुमचा फोन मरायला टेकलाय!” निहार साळसूदपणे म्हणाला.

विशालने तोंडात घास असतानाच दोन्ही केबली उपसल्या. एका जागी फोन लागला, दुसऱ्या जागी इअरफोन!

“हे काय? आधी टेस्ट सुरू कर!” अण्णा खेकसले.

त्याने न बघताच केबली परत खुपसल्या. सुलट्या लागल्या तर? मामाची नोकरी गेलीच!

विशालने स्क्रिप्ट सुरू केली. दिवा भक्कन पेटला आणि फट्! काळा ठिक्कर!

“बटणाला कुणी हात लावला, अण्णा?” श्रुतिका कडाडली.

संघमित्राने अण्णांना सगळं समजावलं. “प्रत्येक सप्लायला स्वतःचा नंबर असतो. स्क्रिप्टने आधी ‘तू कोण?’ विचारायचं आणि मगच व्होल्ट द्यायचे. चार ओळींचं तर काम!”

“होतं असं कधीकधी,” विशाल खांदे उडवत म्हणाला.

“होतं असं? आणि नाव माझ्या मामाचं? किळस येते तुमची!” श्रुतिका उसळली.

“शाब्बास, पोरांनो!” अण्णा म्हणाले. “मोठ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलंत! बोला, काय खाणार? आइस्क्रीम?”

“आइस्क्रीम नको,” श्रुतिका म्हणाली. “मामाची माफी मागा. यांनी, आणि तुम्हीसुद्धा. तुम्ही त्याला एका शब्दाने तरी विचारलंत का?”

अण्णा मामासमोर गेले आणि त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले.

“नितेश, चुकलं माझं.”

मामाने बाहीने डोळे पुसले. “उद्या वेळेवर येतंय, अण्णा.”